ऑइलचा दाब, सोलेनॉइड आणि पंप बदलण्याची घाई

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी सुमारे ९०,००० किलोमीटर चालली आहे. नुकतेच ऑइल आणि फिल्टर बदलून घेतले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर ‘पी ०६डीडी’ हा कोड दिसतो. गाडी नेहमीसारखीच चालते, इंजिनातून वेगळा आवाज येत नाही आणि ऑइलचा लाल दिवाही लागत नाही. गॅरेजवाले मात्र ऑइल पंप खराब झाला असून चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उतरवून नवा पंप बसवावा लागेल, असे सांगतात. त्याआधी खात्री करून घेण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर : मार्ग आहे, आणि पंप बदलण्यास होकार देण्यापूर्वी तो अवश्य अवलंबावा. हा कोड ऑइलच्या दाबाचे नियंत्रण अपेक्षेप्रमाणे होत नसल्याचे सांगतो. कोणता भाग बिघडला, हे तो सांगत नाही. दाब फार कमी असल्याचा कोड ‘पी ०५२४’ हा वेगळा आहे आणि तो आपल्या गाडीत आलेला नाही, हेही ध्यानात घ्यावे.

जुन्या पद्धतीचा पंप इंजिनाच्या गतीबरोबर ऑइल ढकलत राहतो आणि जास्तीचा दाब रिलीफ व्हॉल्व्हमधून सोडून दिला जातो, त्यामुळे इंजिनाची काही शक्ती वाया जाते. ही नासाडी टाळण्यासाठी अलीकडच्या अनेक इंजिनांत असा पंप असतो, की ज्याच्या आतली कडी स्प्रिंगच्या विरुद्ध सरकली की तो कमी ऑइल ढकलू लागतो. ही कडी सरकवणारे ऑइल एका सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून, म्हणजे विजेवर उघड-बंद होणाऱ्या झडपेतून, जाते आणि त्या व्हॉल्व्हला इंजिनाचे कंट्रोल युनिट हुकूम देते. कमी गतीला दाब साधारण २ बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास आणि जास्त गतीला किंवा जास्त भाराला ३ ते ४ बार, अशा दोन पायऱ्या बऱ्याच ठिकाणी आढळतात. नेमके आकडे मात्र आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत. सोलेनॉइडची वीज तुटली तर पंप पूर्ण दाबावर जावा, अशीच रचना बहुधा केलेली असते, म्हणजे बिघाड झाला तरी इंजिन कोरडे पडत नाही. अशा रचनेत ‘पी ०६डीडी’चा अर्थ असा, की दाब उतरवण्याचा हुकूम देऊनही तो वरच राहतो. लाल दिवा न लागणे आणि इंजिन शांत असणे, या दोन्ही गोष्टी त्याच्याशी जुळतात.

तक्रार ऑइल बदलल्यानंतर सुरू झाली, म्हणून तपासणीही तिथूनच सुरू करावी. कोणत्या ग्रेडचे ऑइल भरले हे बिलावर पाहून मॅन्युअलशी ताडून घ्यावे. ‘गाडी जुनी झाली, जरा घट्ट ऑइल घाला’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास दिला जातो, पण ०डब्ल्यू-२० या पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे घट्ट ऑइल भरले, तर दाब ठरलेल्या मर्यादेत उतरणे अवघड होते. फिल्टर योग्य क्रमांकाचा आहे का आणि डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

त्यानंतर ऑइलचा दाब मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरचा कनेक्टर काढून आत नीट पाहावे. सेन्सरचे आतले सील फुटले की ऑइल पिनांपर्यंत झिरपते, कधीकधी वायरीतून पुढेही सरकते, आणि मग रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही. पिना ओल्या दिसल्या, तर सेन्सर बदलून कनेक्टर स्वच्छ केल्याशिवाय पुढची कोणतीही मोजणी करण्यात अर्थ नाही.

खरा निकाल लागतो तो काट्याच्या गेजने. सेन्सरच्या जागी टी-जोड लावून त्यावर सेन्सर आणि गेज दोन्ही बसवावेत, इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे, गती सुमारे २,००० आरपीएमवर स्थिर ठेवावी आणि स्कॅनरच्या ॲक्टिव्ह टेस्टमधून (स्कॅनरवरून भागांना थेट हुकूम देण्याची सोय) दाब आळीपाळीने कमी व जास्त करण्याचा हुकूम द्यावा. हुकमाबरोबर गेजचा काटा खाली-वर झाला आणि स्कॅनरवरचा आकडा हलला नाही, तर पंप निर्दोष आहे आणि दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये शोधावा. काटा आणि आकडा दोन्ही वरच अडकून राहिले, तर सोलेनॉइडकडे वळावे. त्याच्या कनेक्टरवर बॅटरीइतका व्होल्टेज येतो का, हुकूम मिळाल्यावर टेस्ट लॅम्प पेटतो का आणि कॉइलचा रेझिस्टन्स मॅन्युअलमधल्या मर्यादेत आहे का, हे क्रमाने पाहावे. तिन्ही ठीक असतील, तर सोलेनॉइड बाहेर काढून त्याची बारीक जाळी पाहावी, कारण ऑइलचा गाळ किंवा चेंबरला लावलेल्या सिलिकॉनचा एखादा तुकडा तिथे अडकला, तरी दाबाचे नियंत्रण थांबते. काही इंजिनांत सोलेनॉइड बाहेरून हाताशी येतो, काहींत तो चेंबरच्या आत असतो. पहिल्या प्रकारात चेंबर उतरवण्याची गोष्टच आधी काढू नये.

एवढे सगळे ठीक निघाल्यावरच पंपातली कडी अडकल्याचा संशय घ्यावा. आपल्या गॅरेजने यांपैकी नेमकी कोणती मोजणी केली, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. दुरुस्तीनंतर कोड पुसून, गरम इंजिनावर कमी आणि जास्त अशा दोन्ही गतींना दाब हुकमाप्रमाणे बदलतो का, हे पुन्हा पाहून मगच गाडी ताब्यात घ्यावी.

प्रश्न : माझ्या गाडीत ऑइलचा लाल दिवा फक्त आयडलिंगला, तेही इंजिन गरम झाल्यावर लुकलुकतो. थोडी रेस दिली की विझतो. गाडी चालवत राहावे का?

उत्तर : नाही. वरच्या प्रश्नात दाब जास्त राहण्याची शक्यता होती, इथे तो कमी असण्याची आहे. गाडी बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. ऑइल कमी असेल तर योग्य ग्रेडचे भरावे. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंधन मिसळून ऑइल पातळ झाले आहे. पातळी ठीक असूनही दिवा लुकलुकत असेल, तर गाडी टो करून न्यावी आणि गेज लावून दाब मोजावा. गेजवर दाब ठीक निघाला, तर लाल दिवा लावणारा प्रेशर स्विच बदलून काम भागेल. दाब खरोखरच कमी निघाला, तर जुना फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात पसरून पाहायला सांगावे. त्यात चकाकणारे धातूचे कण दिसले, तर बेअरिंग झिजल्याची शंका घ्यावी. कण नसतील, तर पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी तुंबली आहे का आणि सक्शन नळीची ओ-रिंग कडक होऊन हवा ओढते आहे का, हे पाहण्यासाठी चेंबर उतरवणे रास्त ठरते.