मिस्ट्री कॅशचे कोडे सोडवताना
जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे लपवलेले डबे (कॅश) जीपीएसच्या साहाय्याने शोधण्याच्या खेळात, निळ्या प्रश्नचिन्हाने दाखवलेल्या मिस्ट्री कॅशचा, म्हणजे आधी कोडे सोडवून शोधायच्या कॅशचा, डबा नकाशावरील त्या ठिकाणी बहुधा नसतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. परंतु खरे ठिकाण तेथून साधारणपणे ३ किलोमीटरांच्या आसपासच असते, आणि नवशिके नेमका याच गोष्टीचा उपयोग करत नाहीत. बर्लिनच्या मध्यभागातील कोडे घेतले, तर त्यातून निघणारे स्थान उत्तर ५२° ३१.१२३′, पूर्व ०१३° २४.४५६′ अशा धाटणीचे, म्हणजे एकूण १५ अंकांचे असते. त्यांपैकी ५२ आणि ०१३ हे अंक आधीच हाती असतात; अक्षांशाचे १ मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर असल्यामुळे मिनिटेही फार सरकू शकत नाहीत. म्हणून १५ चिन्हांची ओळ दिसताच पहिले चिन्ह ५ आणि दुसरे २ मानून पाहावे, आणि तीच चिन्हे पुढे कोठे आली आहेत ते शोधावे.

ओळ दिसतच नसेल, तर कॅशच्या वेबपानाचे शीर्षक, चित्रांची नावे आणि पानाचा मूळ कोड तपासावा. विचित्र शीर्षक सहसा उगीच दिलेले नसते. मोर्स, ब्रेल आणि अक्षरे १३ घरे सरकवणारी लिपी (कॅशच्या हिंट याच लिपीत असतात) ओळखता यायला हवी.

उत्तर मिळाले की ते चेकरमध्ये (उत्तर बरोबर आहे का ते सांगणाऱ्या ऑनलाइन साधनात) तपासावे, मात्र तेथे अंदाजाने आकडे टाकत बसणे मला खेळ बिघडवणे वाटते. चेकर नसेल आणि ठिकाण श्प्रे नदीच्या पात्रात किंवा दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटरांच्या आत येत असेल, तर हिशेब पुन्हा करावा.