अंडाशयाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये ‘सीडी-४४ पॉझिटिव्ह’ आलंय. म्हणजे तो जास्त पसरणार का?

नाही, एवढ्या एका ओळीवरून तसं ठरत नाही.

सीडी-४४ हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. ते हायलुरोनिक आम्लाला चिकटतं, आणि पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर नेमकं तेच आम्ल असतं. हा कॅन्सर बहुतेक वेळा पोटातल्या पोटातच पसरतो: गाठीवरून पेशी सुटतात, पोटात साठलेल्या पाण्यात पुंजके करून तरंगतात आणि आवरणावर, विशेषतः आतड्यांपुढच्या चरबीच्या पडद्यावर रुजतात. त्या चिकटण्यात सीडी-४४ मदत करतं. २००८ साली संशोधकांनी सीडी-४४ आणि सीडी-११७ (पेशीवरचं असंच आणखी एक प्रथिन) दोन्ही असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या. त्यांतल्या फक्त १०० पेशींतून उंदरांत नवी गाठ वाढली, शिवाय त्या सिसप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधांना जास्त दाद देत नव्हत्या. केमोनंतर आजार का उलटतो, याचा एक धागा इथे मिळतो.

पण आयुर्मानाबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत सीडी-४४ म्हणजे वाईट लक्षण, काहींत काहीच फरक नाही. मला यात नवल वाटत नाही. हे प्रथिन निरोगी पांढऱ्या पेशींवर आणि त्वचेतही असतं, शिवाय त्याचे अनेक प्रकार आहेत. म्हणून नेहमीच्या उपचारांचे निर्णय त्यावर घेत नाहीत.

डॉक्टरांना हे विचारा: स्टेज कोणती, ऑपरेशननंतर गाठ किती उरली, प्लॅटिनमच्या औषधांना प्रतिसाद कसा आहे, बीआरसीए या जनुकांतल्या आनुवंशिक दोषाची तपासणी झाली का. बीआरसीए जरूर विचारा, त्यावरून गोळ्यांचा उपचार ठरू शकतो आणि बहिणी-मुलींनाही वेळेत सावध करता येतं.