गॅसचा बाजार शिकताना

सुरुवात घरच्या पाइपगॅसच्या बिलापासून कर. दराच्या ओळीवर बोट ठेव आणि मागे मागे जा. समुद्रातल्या मुंबई हायसारख्या जुन्या तेल-वायू क्षेत्रांतल्या गॅसचा भाव एप्रिल 2023 पासून भारतात येणाऱ्या कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या 10 टक्के धरतात. तो दरमहा ठरतो, वर कमाल मर्यादाही आहे. हा स्वस्त गॅस आधी स्वयंपाकघराला आणि सीएनजीला. तो पुरला नाही की महाग गॅस मिसळावा लागतो. त्यातला काही गुजरातमधल्या दहेज आणि कोकणातल्या दाभोळ बंदरात जहाजाने आलेला एलएनजी, म्हणजे खूप थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू. म्हणून परदेशात भाव भडकला की आपल्या रिक्षावाल्याला झळ बसते, हे नीट समजून घे.

आणि बाळा, नुसता भाव पाहू नकोस. पाइपलाइनचं वाहतूक शुल्क बघ, कर बघ. नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर आहे, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने एप्रिल 2022 मध्ये तो 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला.