सर कडक आहेत, मुलगा शाळा नको म्हणतो

‘नवे वर्गशिक्षक फार कडक आहेत. सोमवार उजाडला की पोराच्या पोटात दुखायला लागतं. त्याचे पप्पा म्हणतात, आम्ही छडी खाऊनच शिकलो. पोरगा म्हणतो, शाळेत काडीचं स्वातंत्र्य नाही. शाळा बदलू की तक्रार करू?’

हा प्रश्न फोंडा तालुक्यातल्या एका आईचा. मुलगा नववीत, अनुदानित हायस्कुलात. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकला आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात गेला. गोव्यातली कितीतरी मुलं याच वाटेने जातात. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, बाकी प्रकरण जसं घडलं तसं.

आईने विचारलेले दोन्ही उपाय शेवटचे आहेत. त्याआधी मुलाला नेमकं काय टोचतंय ते कळायला हवं. ‘कडक’ या एका तक्रारीखाली पालक आणि मुलं पाच-सहा वेगळ्या गोष्टी घालतात. त्यातल्या काही सोसायच्या असतात, काही बदलून घेता येतात आणि एखाददुसरी कायद्याने बंद आहे.

आधी डॉक्टर. शाळेच्या धास्तीने दुखणारं पोट खरंच दुखत असतं, मूल नाटक करत नसतं. तरीही वजन उतरणं, झोपेतून उठवणारी कळ, ताप, लघवीला जळजळ, शौचातून रक्त यांपैकी काही असेल तर कारण शाळेत शोधत बसू नये. या मुलाच्या तपासणीत काही निघालं नाही. ‘पाणी कमी पितो’ एवढं मात्र डॉक्टरांनी सांगितलं. घरच्यांनी ते कानाआड केलं. पुढे तोच धागा कामाला आला.

मग दोन आठवड्यांची नोंदवही. वार, दुखणं सुरू झाल्याची वेळ, शून्य ते दहात किती, आणि त्या दिवशी शाळेत पहिले दोन तास कोणते, एवढे चारच रकाने. पालक इथे हमखास चुकतात. दुखलं त्याच दिवशी लिहितात आणि बरं असलेला दिवस कोरा सोडतात. खरी माहिती त्या कोऱ्या दिवसांत असते, म्हणून तिथे शून्य लिहायचं. रविवारी सकाळी किती, रविवारी रात्री किती, हेही वेगळं लिहायचं.

या वहीत दुखणं रविवारी रात्री, सोमवारी सकाळी, बुधवारी रात्री आणि गुरुवारी सकाळी होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी जवळजवळ शून्य. म्हणजे मुलाला अख्खी शाळा नकोशी नव्हती. सोमवारी आणि गुरुवारी पहिला तास वर्गशिक्षकांचा, आणि त्याच दोन दिवशी प्रार्थनेच्या रांगेत केस, नखं, बूट तपासले जात.

तपासणीत काय होतं? केस कानावर आले असतील तर मुलाला रांगेतून पुढे बोलावायचं आणि सगळ्यांसमोर सुनवायचं. उशिरा येणाऱ्याने पहिला तासभर व्हरांड्यात उभं राहायचं, शिवाय शाळेच्या कॅलेंडरात, म्हणजे नियम आणि शेरे असलेल्या छापील वहीत, लाल शेरा. हा मुलगा बालरथाने, म्हणजे शाळेच्या बसने येतो. पावसात बालरथ घंटेनंतर पोचायचा. बस शाळेची, उशीर बसचा आणि शिक्षा मुलाला! हे शाळेत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण उशिरा येणाऱ्यांची यादी आणि बसची वेळ दोन वेगळ्या माणसांकडे होती.

पाण्याचं गूढही उलगडलं. तास चालू असताना लघवीला जायचं तर सर्वांदेखत उभं राहून इंग्रजीत परवानगी मागायची. एकदा त्याचं वाक्य अडलं, वर्ग हसला, आणि ‘आधी नीट विचारायला शीक’ म्हणून त्याला खाली बसवलं. तेव्हापासून तो सकाळी पाणी प्यायचा बंद झाला. आठच्या आसपास भरून दीडच्या सुमारास सुटणाऱ्या शाळेत मधल्या सुट्टीपर्यंत कोरडं राहायचं आणि सुट्टीत गर्दी म्हणून पुन्हा टाळायचं. पाणी कमी, त्यातून बद्धकोष्ठ, आणि पोटदुखीत आणखी भर.

पप्पांना हे सगळं नवीन होतं. त्यांच्या मते भांडण केसांचं होतं.

आता नियमांची छाननी. कागदाच्या चिठ्ठ्यांवर शाळेचा एकेक नियम लिहायचा. कॅलेंडरात सुरुवातीला छापलेले घ्यायचे आणि न छापलेले पण पाळायला लावलेलेही घ्यायचे. मुलाने तीन ढीग करायचे. पहिल्यात ज्याने कुणाला इजा होते किंवा कुणावर अन्याय होतो ते नियम: मारामारी, कॉपी, प्रयोगशाळेतला खोडसाळपणा, बसच्या दारात लटकणं. दुसऱ्यात शाळेची रीत: गणवेश, घंटा, रांग, वर्गात मोबाइल नको. तिसऱ्यात स्वतःचं असं वाटणारं: केस, मनगटातला देवाचा दोरा, गणेशचतुर्थीत हाताला लावलेली मेंदी, मधल्या सुट्टीत कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचं. आई-पप्पांनी त्याच चिठ्ठ्या त्याला न दाखवता वेगळ्या लावायच्या आणि मग शेजारी ठेवून पाहायच्या.

ही विभागणी मनाने केलेली नाही. एलियट ट्युरिएल आणि ज्युडिथ स्मेटाना या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं या विषयावरचं काम प्रसिद्ध आहे. दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून असलेले नियम आणि निव्वळ रिवाजाचे नियम यांतला फरक अगदी लहान मुलांनाही कळतो. वयात येताना मुलं पहिल्या ढिगाविषयी सहसा भांडत नाहीत. भांडण होतं ते मोठी माणसं जे रीत समजतात आणि मुलं जे आपलं खासगी मानतात, त्या सीमेवर. ‘नववीत गेला आणि उलट बोलायला लागला’ यातलं बरंचसं याच सीमेचं असतं.

या घरात पहिला ढीग दोघांचा तंतोतंत सारखा निघाला. पप्पांचा चेहरा तिथेच सैलावला. पोरगा ‘नियमच नकोत’ म्हणतोय असं ते धरून चालले होते. मोबाइलची चिठ्ठीही मुलाने स्वतःहून दुसऱ्या ढिगात टाकली. वाद उरला केस आणि भाषा या दोन चिठ्ठ्यांवर. लघवीची चिठ्ठी तर त्याला कुठल्याच ढिगात टाकता येईना. ते बरोबरच होतं. शरीराची गरज शिस्तीच्या हिशेबात बसत नाही.

मग प्रत्येक वादग्रस्त नियमाला काही प्रश्न लावायचे. नियम आधी सांगितला होता का? सगळ्यांना सारखा आहे का? कारण विचारलं तर सांगता येतं का? मोडल्यावरची शिक्षा चुकीएवढीच आहे का, आणि चारचौघांत होते का? केसांचा नियम पहिल्या तिन्हींत पास झाला. कॅलेंडरात छापलेला, सगळ्यांना लागू, कारणही दिलेलं. नापास झाली ती तपासणीची पद्धत. म्हणून केस कापायचे आणि पद्धतीवर बोलायचं, असं ठरलं. मुलाला हे लगेच पटलं नाही, पण केस लांब ठेवून अपमानाविरुद्ध बोलायला गेलं तर समोरचा केसांवरच बोलत बसेल, हे त्याला समजलं.

शिक्षकांची बाजूही मांडायला हवी. एका वर्गात चाळिसेक मुलं, पुढच्या वर्षी दहावी, निकालाचा जाब वर्गशिक्षकाला, आणि केस-बूट तपासायची सूचना बहुतेक वेळा वरून आलेली. मुलांनाच विचारा, ‘कडक आहेत पण पार्शालिटी करत नाहीत’ अशा सरांविषयी ती आदराने बोलतात. मुलं कडकपणाला कंटाळत नाहीत. आज चालतं ते उद्या का चालत नाही, याचा अंदाज लागेनासा झाला की त्यांची झोप उडते, आणि चारचौघांत मान खाली गेली की मनातून उतरत नाही.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. पण तो कायदा 6 ते 14 वयापुरता आहे, आणि नववीची बरीच मुलं त्यातून बाहेर पडलेली असतात. गोव्यात ही फट उरत नाही. गोवा बाल कायदा 2003 मध्ये अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आहे. राष्ट्रीय बालहक्क आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं टोमणे, नावं ठेवणं, खिल्ली उडवणं यांनाही मानसिक छळात धरतात. हे पालकांना ठाऊक असावं, पण पहिल्याच भेटीत कलमं वाचून दाखवू नयेत. शिक्षक तेव्हापासून बचावाच्या पवित्र्यात जातो आणि वर्ष संपेपर्यंत तिथेच राहतो.

भेट कशी घ्यायची? शाळेच्या गेटवर नको, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. वर्गशिक्षकांची वेळ मागून घ्यायची, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आई-पप्पा दोघांनी जायचं. मुलाला शेवटची पाच मिनिटं आत घ्यायचं, तेही त्याची तयारी असेल तरच. नोंदवही सोबत. सुरुवात तक्रारीने न करता वहीने करायची: ‘सर, दोन आठवडे लिहून ठेवलं. सोमवारी आणि गुरुवारी त्याला त्रास होतो. तुमच्याशी बोलून काही करता येईल का, म्हणून आलो.’ मागण्या तीनच, आणि प्रत्येक अशी की सरांना ती उद्यापासून करता यावी.

या तीन मागण्या मुलानेच लिहिल्या होत्या. ‘स्वातंत्र्य म्हणजे तुला नक्की काय हवं?’ असं विचारल्यावर मोठं भाषण येईल असं वाटलं होतं. आलं ते एवढंच: लघवीला जायला हात वर करून खूण चालावी, केस तपासून काही बोलायचं तर बाजूला घेऊन बोलावं, आणि गणितातली शंका इंग्रजीत अडली तर मराठीत विचारू द्यावी.

पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. तिसरी अर्धी. शंका मराठीत किंवा कोकणीत विचारायची, मग तीच सरांच्या मदतीने इंग्रजीत पुन्हा म्हणायची. हे मूळ मागणीपेक्षा चांगलं ठरलं, कारण नववी-दहावीच्या मुलाला गणिताचं इंग्रजी टाळून चालत नाही. पाचवीला माध्यम बदललेल्या मुलांचं असंच होतं. गणित येतं, प्रश्न विचारता येत नाही, आणि गप्प मूल शिक्षकाला बेफिकीर वाटतं. बालरथाचा प्रश्न हेडमास्तरांकडे गेला. बस उशिरा आली तर बसमधल्या मुलांना शेरा नाही, असं ठरलं. व्हरांड्यात उभं करणं मात्र चालत आलेल्या मुलांसाठी सुरूच राहिलं. ते चूक आहे, आणि तो विषय पालक-शिक्षक संघात मांडायला हवा.

घरीही दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. आई पोट दुखलं की ‘ताप आहे’ अशी चिठ्ठी देत होती. मूल घरी राहिलं की तासाभरात बरं वाटतं, आणि नेमकं तेच पुढच्या सोमवारी जास्त दुखायला लावतं. म्हणून नियम असा: ताप किंवा उलटी नसेल तर शाळेत जायचं, फार तर पहिला तास आजारी मुलांच्या खोलीत बसायचं. ताप असून घरी राहिलाच तर शाळेच्या वेळात टीव्ही-मोबाइल बंद. चार-पाच दिवस सलग बुडाले असतील तर एकदम पूर्ण दिवसाची सक्ती नको. आधी दोन दिवस मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण, आणि हे शाळेला आधी कळवून. सकाळी उठल्यावर एक पेला पाणी, निघण्याआधी शौचाला पुरेसा वेळ, आणि पाऊण लिटरची बाटली शाळा सुटेपर्यंत संपलेली.

दुसरी गोष्ट पप्पांची. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारं वाक्य महिनाभर बंद. त्याऐवजी रात्री एकच प्रश्न: ‘आज शाळेत काय बरं झालं, काय नाही?’ उत्तरावर उपदेश नाही. पप्पांना हे सगळ्यात जड गेलं.

पोटदुखी सोमवारची आधी गेली. गुरुवारची रेंगाळली, कारण त्या दिवशी गणिताची तोंडी असायची, आणि तिथे भीती सरांची नव्हती, भूमितीची होती. त्यावर उपाय समुपदेशन नव्हे, सराव.

जिथे हात उगारला गेला आहे तिथे यातली पायरी-पायरीची वाट धरू नये. वळ असतील तर त्याच दिवशी फोटो आणि डॉक्टरची नोंद, मुख्याध्यापकांना तारखेसह लेखी तक्रार आणि पोच. दाद लागली नाही तर भागशिक्षणाधिकारी, मग पर्वरीचं शिक्षण संचालनालय किंवा राज्य बालहक्क आयोग. मुलांची हेल्पलाइन 1098 केव्हाही. मूल जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर शाळेचा वाद बाजूला ठेवून टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावावा किंवा बांबोळीच्या मनोविकार इस्पितळात न्यावं.

आणि शाळा बदलणं? लेखी तक्रारीनंतरही अपमान किंवा मार थांबला नाही, किंवा तक्रार केली म्हणून मुलावर डूख धरला गेला, तर बदलावी, आणि शक्यतो दहावी सुरू होण्याआधी. नुसते केस, बूट, घंटा एवढ्यावरून बदलू नये. नव्या शाळेच्या कॅलेंडरातही तीच पानं असतात. प्रवेशाआधी ती पानं मुलासोबत बसून वाचा आणि तिथे शिकणाऱ्या दोन मुलांना विचारा की तासाला लघवीला जाऊ देतात का.