उंदरांचा बंदोबस्त: आधी भोकं बुजवा, विषाचं नंतर बघू

कापूस घरात आला, मका-ज्वारीची शेतं मोकळी झाली की खान्देशात उंदीर गावाकडे सरकतात. शेतातलं खाणं संपलेलं असतं, थंडी पडू लागते आणि त्यांना ऊब हवी असते. या वेळी आलेले जवळजवळ सगळे प्रश्न त्यांचेच आहेत. माळ्यावरचा उंदीर आणि गटारातली घूस यांचा इलाज एक नाही, म्हणून एकेकाला वेगळं उत्तर देतो.

प्रश्न: आमचं धाब्याचं घर. भाव नाही म्हणून पुढच्या खोलीत कापूस भरून ठेवलाय. रात्रभर खुडबुड चालते, कोपऱ्यात सरकीची टरफलं साचतात. एक जण म्हणतो, धान्यात टाकायच्या गोळ्या आण आणि कापसात ठेव. आते काय करानं, भाऊ? (शेतकरी, चोपडा तालुका)

भाऊ, आधी त्या गोळ्यांचं बोलू. त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. भिंतीच्या फटीतून, दाराखालून तो शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या बंदिस्त गोदामात, प्रशिक्षित आणि परवानाधारक माणसानेच वापरायच्या असतात. राहत्या घरात एकही नको. आणल्या असतील तर डबी उघडू नका, गटारात किंवा पाण्यात टाकू नका, जिथून आणल्या तिथे परत द्या.

आता कापूस. उंदराला तुमच्या ढिगात तिन्ही गोष्टी एकाच जागी मिळाल्यात: खायला सरकी, पिलांना ऊब, आणि माणसाचा हात पोहोचणार नाही अशी जागा. एक मादी साधारण २१ ते २३ दिवसांत विते, एका वेळी सहा-आठ पिलं होतात आणि ती पिलं तीन महिन्यांच्या आत स्वतः वेतायला लागतात. दिवाळीला दोन-चार दिसले तर आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) किती होतील, याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणून ‘भाव आल्यावर बघू’ असं करू नका.

ढीग भिंतीला टेकलेला असेल तर तो आधी सोडवा. चारही बाजूंनी माणूस आडवा होऊन जाईल एवढी, दीड-दोन फुटांची वाट ठेवा. खाली फळ्या किंवा बाजा टाकून कापूस जमिनीपासून उचला. उंदीर भिंतीच्या कडेने, अंग घासत चालतो. उघड्या जागेतून जायला तो घाबरतो. ही वाट मोकळी राहिली की त्याचा आडोसा जातो आणि तुम्हाला सापळा लावायला जागा मिळते. रात्री त्या वाटेवर रांगोळीची पातळ फक्की पसरा. सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ कुठून येते ते दिसेल. तेच त्याचं दार.

धाब्याच्या घरात हे दार बहुतेक वर असतं. तुळया-कड्यांवरच्या मातीच्या थरात उंदीर वाटा काढतात आणि भिंत जिथे धाब्याला मिळते त्या सांध्यातून खाली उतरतात. नुसत्या मातीने लिंपलं तर दुसऱ्या रात्री पुन्हा उकरलेलं सापडेल. भोकात आधी भांडी घासायच्या तारेची घासणी घट्ट कोंबा आणि वरून सिमेंट लावा. जमिनीलगतच्या बिळांना सिमेंटमध्ये खडी कालवून भरा. बोटभर भोकसुद्धा सोडू नका. मोठ्या उंदराला अर्ध्या-पाऊण इंचाची फट पुरते आणि चिटुकल्या घरउंदराला ६ मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी.

बुजवण्याच्या आधीच्या आठवड्यात सापळे मांडा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्यामुळे पहिल्या तीन-चार रात्री पिंजरा उघडाच ठेवा, आत शेंगदाणे किंवा तेलात बुडवलेला भाकरीचा तुकडा ठेवा, पण झाप लावू नका. तो निर्धास्त खाऊ लागला की मग लावा. आणि एक-दोन पिंजऱ्यांनी काम होत नाही. शेजाऱ्यांचे मागून आणा, आठ-दहा एकाच रात्री लावा. एकेक करत महिनाभर पकडण्यापेक्षा एका रात्रीत बरेच पकडणं कधीही चांगलं, कारण उरलेले तेवढ्यात शहाणे होतात.

प्रश्न: ‘ही ट्यूब लावा, उंदीर घराबाहेर जाऊन मरेल’ असं दुकानदाराने सांगितलं. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, घरात दोन वर्षांची मुलगी आहे. लावू का? (गृहिणी, जळगाव)

नका लावू, ताई. ट्यूबमधली पेस्ट बहुतेक पिवळ्या फॉस्फरसची असते. दिसायला ती टूथपेस्टसारखीच, आणि भाकरीला किंवा टोमॅटोला लावून कोपऱ्यात ठेवायची पद्धत. दोन वर्षांचं मूल घरभर रांगतं, चालतं आणि सापडेल ते तोंडात घालतं. हे विष पोटात गेल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत मूल बरं वाटतंय असं दिसू शकतं. पण यकृत आतून निकामी होत असतं. यावर खास उतारा नाही. म्हणून नुसता संशय आला तरी वाट बघायची नाही. उलटी करवायची नाही, दूध-तूप पाजायचं नाही. ट्यूब किंवा पाकीट बरोबर घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठायचं. १०८ ला फोन करा. जळगाव आणि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिकडे न्या. घरात अशी ट्यूब पडून असेल तर आजच बाहेर काढा. घरात कोणी मनाने खचलेलं असेल तर हे आणखी निकडीचं आहे.

‘बाहेर जाऊन मरेल’ हे मात्र कोणत्याच विषाबद्दल खरं नाही. आजारी उंदीर पाण्याच्या शोधात बाहेर पळत नाही, तो आपल्या लपायच्या जागी जातो. म्हणजे कपाटामागे, पोटमाळ्यावर, फ्रिजच्या खाली. मग आठवडाभर वास येत राहतो आणि तुम्ही घरभर शोधत बसता.

काळजीने वापरायचं झालं तर ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशकाचे तयार मेणी ठोकळे मिळतात. त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर तीन ते सात दिवसांत मरतो. इतका उशीर लागतो म्हणून त्याला खाल्ल्याचा आणि दुखण्याचा संबंध कळत नाही. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे तो नवं खाणं आधी चिमूटभर चाखतो आणि त्रास झाला तर पुन्हा शिवत नाही. झिंक फॉस्फाईड या जहाल विषाचा प्रयोग एकदा फसला की दुसऱ्यांदा उपयोग होत नाही, तो यामुळेच. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ हा उतारा डॉक्टरांकडे असतो. तरीही ठोकळा उघड्यावर ठेवायचा नाही. उंदीर शिरेल पण मुलाचा हात जाणार नाही अशा कुलूपबंद डबीत, आणि तीही घराबाहेरच्या भिंतीलगत. मेलेले उंदीर रोज शोधून पुरायचे. विष खाल्लेला उंदीर मांजराने, कुत्र्याने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला तर तेही जातं. रात्रीत कित्येक उंदीर फस्त करणारं घुबड आपल्याच हाताने मारायचं, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या फ्लॅटमध्ये तर विषाची गरजच पडू नये. सिंकखालचा पाइप जिथून भिंतीत जातो ती फट, बाल्कनीतल्या पाइपांच्या कडा आणि मुख्य दाराखालची जागा तपासा. दाराखाली पत्र्याची पट्टी मारा. उन्हाळ्यात केलेले बिबडे, पापड, कुरडया प्लॅस्टिकच्या पिशवीत असतील तर पत्र्याच्या डब्यात हलवा. प्लॅस्टिक त्याला काहीच नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला तो भूक नसतानाही कुरतडतो. केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या आणि मोटरसायकलच्या वायरी त्यामुळेच जातात.

प्रश्न: डाळ आणि धान्याचं गोदाम आहे. दर महिन्याला पेस्ट कंट्रोलवाला येऊन काहीतरी ठेवून जातो, उंदीर तसेच. (व्यापारी, जळगाव)

ठेवून जाणाऱ्याला दोष देण्याआधी गोदाम रात्री दहाला एकदा बघा. सांडलेली डाळ झाडली आहे का? फाटलेलं पोतं कोपऱ्यात तसंच आहे का? एका उंदराला रात्री वीसेक ग्रॅम खाणं लागतं. मशीनखाली पडलेल्या भरड्यावर त्याचं भागत असेल तर तुमच्या ठोकळ्याकडे तो कशाला बघेल? आणि तो खातो त्याहून जास्त माल लेंड्या-मुताने नासवतो, ती पोती परत येतात, नुकसान तिथे आहे.

थप्पी भिंतीपासून दीड-दोन फूट लांब आणि जमिनीपासून वर, लाकडी पॅलेटवर हवी. थप्पीमागून बॅटरी मारली तर भिंतीचा पाया दिसला पाहिजे. शटरखालची फट हे गोदामांचं सर्वांत जुनं दुखणं, तिथे पत्रा किंवा जाड रबर लावा. एक्झॉस्ट पंख्याच्या भोकाला बारीक जाळी मारा. ट्रक लागतो त्या धक्क्यावरून उंदीर मालाबरोबरच आत येतो, म्हणून उतरवताना पोती बघून घ्यायला हमालांना सांगा. त्यांनाच सगळ्यात आधी लेंड्या दिसतात. त्यांचं ऐकून घेणारा मालक असला तर अर्धं काम होतं.

विष मालाजवळ कधीच नको. आत फक्त सापळे, विषाच्या कुलूपबंद डब्या बाहेरच्या भिंतीला. प्रत्येक डबीला नंबर, कोणत्या डबीतलं किती खाल्लं गेलं याची वही. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून ही वही मागा, देत नसेल तर माणूस बदला. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या परवाना नियमावलीतल्या अनुसूची ४ मध्ये कीड-उंदीर नियंत्रण सांगितलेलं आहे, तपासणीत ही वही तुमच्या कामी येते.

प्रश्न: गोंदाचा पुठ्ठा आणि आवाजाचं यंत्र, दोन्हींतलं कोणतं घ्यावं? (किराणा दुकानदार, पारोळा)

दोन्ही नको. आवाजाला उंदीर काही दिवसांत सरावतो आणि तो आवाज पोत्यांपलीकडे पोहोचत नाही. गोंदावर चिकटलेला प्राणी तासन् तास तडफडतो, त्यात पाली आणि चिमण्याही अडकतात. भारतीय पशुकल्याण मंडळानेही या पुठ्ठ्यांविरुद्ध सूचना दिल्या आहेत. त्या पैशांत चांगले चार चाप येतील.

प्रश्न: रात्री भिंतीकडेने चूंचूं करत काहीतरी पळतं, उग्र वास येतो. पिंजऱ्यातली भाकरी खात नाही. (शिंदखेडा)

लांब टोकदार नाक असेल तर ती चिचुंद्री. ती उंदरांच्या कुळातली नाही. झुरळं, किडे खाते, धान्याला तोंड लावत नाही. मोरीच्या जाळीतून येते. जाळी नीट बसवा आणि तिला जाऊ द्या.

प्रश्न: क्वार्टरच्या मागचं गटार घुशींनी पोखरलंय, अंगण खचतंय. बिळात पाणी ओतलं, मिरचीची धुरी दिली, परत येतात. (भुसावळ)

घुशीचं बीळ एकाच तोंडाचं नसतं. तुम्ही एका दारातून पाणी ओतता, ती दुसऱ्यातून निघते, आणि पाण्याने तुमच्या अंगणाची माती आणखी सैल होते. आधी संध्याकाळी सगळी तोंडं मातीने हलकीच बुजवा. सकाळी जी उघडलेली दिसतील तीच चालू बिळं, काम त्यांच्यावर करायचं. सापळा मोठा आणि जाड तारेचा लागतो, घूस साधा पिंजरा वाकवते. ती कमी झाली की बिळं खडी-काचेच्या तुकड्यांसह सिमेंटने भरा आणि भिंतीच्या पायाशी दोन फूट खोल बारीक लोखंडी जाळी उभी पुरा.

पण एकट्याने केलंत तर पुढच्या पावसात पुन्हा येतील. ओळीतल्या सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात करा, गटाराच्या फुटलेल्या फरशा बदलून घेण्यासाठी मिळून अर्ज द्या आणि शिळं अन्न गटारात टाकणं बंद करा. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेग आला, लाखो लोक शहर सोडून निघाले, त्यांतले कितीतरी तापी लाइनने, म्हणजे सुरत-भुसावळ रेल्वेने, आपल्याकडेच आले. ज्यांच्या घरी तेव्हा सुरतेहून माणूस आला त्यांना ती भीती आठवत असेल. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी तिथला कचरा रोज उचलायला लावला आणि शहराचं रूप पालटलं. एका घराने विष ठेवून ते झालं नसतं.

आणि हो, परिसरात विष न ठेवता अचानक खूप उंदीर मरून पडू लागले तर हात लावू नका. त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे येतात. नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला लगेच कळवा.

प्रश्न: धामण उंदीर खाते म्हणून खळ्यात राहू द्यावी का? (शहादा तालुका)

खळ्यात, बांधावर, हो. ती विषारी नाही आणि तिच्याइतका मेहनती रखवालदार नाही. घरात मात्र नको, कारण उंदरांच्या मागे धामणच येईल असं नाही. नाग, घोणसही त्याच वासावर येतात. कडबा आणि गोवऱ्यांचा ढीग घरापासून लांब हलवा. घरात कोणताही साप दिसला तर मारायच्या मागे न लागता सर्पमित्राला बोलवा.

प्रश्न: रात्री झोपेत मुलाच्या बोटाला उंदीर चावला. काय करावं? माळ्यावर लेंड्याही खूप आहेत. (नंदुरबार)

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं का ते पाहतील. घरच्या उंदराच्या चाव्याला रेबीजची लस सहसा लागत नाही, पण तो निर्णय डॉक्टरांचा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी किंवा डोळे पिवळे दिसले तर चाव्याची गोष्ट आठवणीने सांगा, नाहीतर साधा ताप समजून वेळ जातो.

माळा कोरडा झाडू नका, लेंड्यांची धूळ श्वासात जाते. खिडक्या उघडून अर्धा तास थांबा. हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण त्यावर शिंपडा, दहा मिनिटं भिजू द्या आणि मग ओल्या फडक्याने पुसून फडकं फेका. बोटांना लागलेल्या जेवणाच्या वासाने उंदीर मुलांच्या हाताशी येतो, म्हणून झोपवण्याआधी मुलाचे हात-तोंड साबणाने धुवा आणि घर बंदिस्त होईपर्यंत त्याला खाटेवर, मच्छरदाणीत झोपवा.