कंपनी विकली गेली म्हणून स्ट्रीमर काढून टाकू नका

भाऊ, तुमचा स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी घेऊन वाजवणारा डबा) बनवणारी कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली आणि सोलापूरच्या नवी पेठेतला दुकानदार म्हणतोय की सपोर्ट संपला, मिळेल त्या भावात देऊन टाका. इतक्यात देऊ नका. नुसता मालक बदलल्यानं यंत्र बंद पडत नाही. ते कंपनीच्या ज्या सर्व्हरच्या (इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरच्या) जिवावर चालतं तो बंद झाला की पडतं.

स्क्वीझबॉक्स या स्ट्रीमरचंच बघा. तो बनवणारी स्लिम डिव्हायसेस ही कंपनी लॉजिटेकनं २००६ मध्ये २ कोटी डॉलरला घेतली. लगेच काही बिघडलं नाही, उलट डुएट, बूम, टच ही चांगली मॉडेलं त्यानंतरच आली. २०१२ मध्ये उत्पादन थांबवलं, तरी ऑनलाइन सेवा २०२४ पर्यंत चालली. ती गेल्यावरही जुने डबे वाजतात, कारण घरच्या कॉम्प्युटरवर चालणारा त्यांचा सर्व्हर प्रोग्रॅम ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणालाही वापरता आणि सुधारता येतो. हौशी मंडळींनी तो जपलाय, आता त्याचं नाव लिरियन. याउलट रिव्हॉल्व्ह. तो स्मार्ट होमचा हब (घरातले दिवे, कुलपं वगैरे फोनवरून चालवणारा डबा) होता, स्ट्रीमर नव्हे, पण गोष्ट याच जातीची. गूगलच्या नेस्टनं २०१४ मध्ये ती कंपनी घेतली, मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. धडधाकट हब, पण अ‍ॅप उघडेना आणि हब चालेना. लोकांचे पैसे असे पाण्यात गेलेले बघून आजही चीड येते.

तुमचं यंत्र कुठल्या जातीचं, ते घरीच कळेल. राउटर चालू ठेवून त्यात बाहेरून येणारी इंटरनेटची वायर तेवढी काढा. (फायबरची पातळ वायर थेट राउटरमध्ये येत असेल तर ती ओढू नका, सेटिंगमधून इंटरनेट बंद करा.) मग स्ट्रीमर बंद करून परत चालू करा. हे महत्त्वाचं, कारण काही यंत्रं सुरू होतानाच सर्व्हर शोधतात. रेडिओ आणि स्पॉटिफाय अडणारच, ते सोडा. पेनड्राइव्हवरची गाणी, कॉम्प्युटरमधली डीएलएनएवरून (घरच्या नेटवर्कवरून गाणी पाठवायची पद्धत), आयफोनवरची एअरप्लेनं (अ‍ॅपलची तशीच पद्धत), एकेक लावून बघा. एवढं वाजलं तर नव्या मालकानं उद्या सर्व्हर बंद केला तरी अँप्लिफायरला जोडलेलं यंत्र कामाचं राहील.

फर्मवेअरची (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरची) फाइल कंपनीच्या साइटवर असेतोवर उतरवून ठेवा. आणि उगाच फॅक्टरी रीसेट मारू नका. नव्यानं सेटअप करताना लॉगिन लागत असेल आणि सर्व्हर गेलेला असेल, तर तिथेच अडकाल.

वॉरंटीसाठी व्यवहार कसा झालाय ते वाचा. अख्खी कंपनी घेतली असेल तर वॉरंटीची जबाबदारी त्या कंपनीकडेच राहते. नुसतं सॉफ्टवेअर, पेटंट, माणसं उचलली असतील तर जुन्या गिऱ्हाइकाला वाली नसतो. २०१६ मध्ये पेबल या स्मार्ट घड्याळांचं तेच झालं, फिटबिटनं हवं ते घेतलं आणि वॉरंटी संपली. तुमची मुदत शिल्लक असेल तर बिल सांभाळा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे कंपनीचं ऑफिस कुठेही असो, सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल.