रंगमंच म्हणजे दवाखाना नव्हे

पोरी,

परवा तालमीत तुझ्या हातातल्या बशीवर कप वाजत होता. दुसऱ्या अंकातला चहा. बाकीच्यांना वाटलं, काय काम करतेय! मी विंगेत होतो, मला तुझ्या मानेला घामानं चिकटलेले केस दिसत होते. नंतर मिरजकर तिकटीपर्यंत चालताना म्हणालीस, ‘सर, त्या मानसोपचारवाल्या मॅडमकडं दोनदा गेले, आता नाही जात. बरी झाले तर कप वाजायचा थांबेल.’

थांबू दे की! मग तू वाजव. हवा तेव्हा वाजव, नको तेव्हा खाली ठेव. आता तो तुला वाजवतोय.

रंगमंच म्हणजे दवाखाना नव्हे. हे मी शिकलो ते दुसऱ्याच्या जिवावर. पंचवीसेक वर्षांपूर्वी राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवत होतो. एका मुलीची आई नुकतीच गेली होती. रडायचा प्रवेश आला की मी म्हणायचो, ‘आईला आठव.’ रोज. प्रयोगात तिनं हंबरडा फोडला तो पडदा पडल्यावरही थांबेना. बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी ती आली नाही, नंतरही नाही. अजून कधी कपिलतीर्थला भाजी घेताना दिसते. हसते. मी पिशवीत बघतो. तेव्हा सगळेच असं करायचे, आणि तो प्रवेश लोकांना अजून आठवतो, हेही खोटं नाही. पण ज्याच्या नावावर आम्ही हे खपवायचो तो रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीच उतारवयात भावनिक स्मृतीवरून शारीरिक कृतींकडं वळला होता. आम्ही तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

पुढं माझीच वाक्यं गेली. केशवराव भोसले नाट्यगृहात, भरल्या थिएटरात. मी काम करणं सोडलं आणि ‘आता फक्त दिग्दर्शन’ असं जाहीर केलं. लोकांना ते तत्त्व वाटलं! टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यावरच भीती पोसते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळताना मी रस्त्यावर उभा होतो. सगळे रडत होते, मीही. पण आत कुठंतरी आलं: सुटलो, आता तिथं उभं राहायला नको. शाहू महाराजांनी उभारलेली शंभर वर्षांची वास्तू जळतेय आणि मला हे सुचतंय. त्या रात्री कळलं मी किती आजारी आहे ते. इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिए पन्नाशी उलटल्यावर ऑथेल्लो करताना इतका घाबरायचा की यागो करणाऱ्याला आपल्याला दिसेल असं विंगेत थांबायला सांगायचा. त्यानं निदान सांगितलं तरी. मी कुणालाच नाही.

आणि ती धडधड थांबवायची गोळी तुला कुणी दिली? प्रोप्रॅनोलॉल ना? थरथर कमी होते खरी, पण तुझ्या पर्समध्ये दम्याचा पंप असतो, अगं! दमा असलेल्यानं ती घ्यायची नसते, श्वासनलिका आवळू शकतात. गोळी आधी डॉक्टरला दाखव. गोळ्या वाटायला रंगमंच म्हणजे दवाखाना नव्हे, किती वेळा सांगू?

मॅडमनी कागदावर लिहून दिलंय ना: आधी रिकाम्या खोलीत, मग दोघांसमोर, मग दहांसमोर, भीती ओसरेपर्यंत तिथंच थांबायचं. ‘ही तर तालीमच झाली’ म्हणून तू नाक मुरडलंस. मग काय मंत्र घालणार होत्या? गंगावेशच्या कुस्तीच्या तालमीतलं पोरगं निखळलेला खांदा घेऊन फडात उतरतं का? आधी बसवून घेतं.

‘कुणी बघेल’ म्हणतेस. राजारामपुरीत जिना चढताना कुणीतरी बघणारच, कोल्हापूर आहे हे. पण आत बोललेलं गुप्त ठेवायचं, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बांधून दिलंय. मॅडमशी जमत नसेल तर दुसऱ्या शोधू. मला मात्र रात्री दोनला फोन करायचा नाही. म्हणजे, कर. पण आधी १४४१६ लाव, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास असते आणि फुकट. तिथं शिकलेली माणसं असतात. मी नुसता म्हातारा आहे.

गुरुवारी पाचची वेळ आहे ना? तालीम साडेसातवर ढकललीय. कारण विचारलं तर मला दाताच्या डॉक्टरकडं जायचंय असं सांगितलंय. प्रॉपर्टीवाल्या पोराला दोन जादा कप आणायला लावलेत.